अंधारातली वाफ

कारखान्याच्या प्रदूषणाचा अहवाल करायला आलेल्या तिने कॉम्प्युटरवर बनवलेल्या मॉडेलवर कारखान्याचे साहेब बेहद्द खूश होते. धुराड्यातून सुटणारी रसायनाची वाफ काही तासांतच हवेत विरून जाते, असं खुद्द कॉम्प्युटरनेच सांगितलं होतं. "मॅडम, आता आढेवेढे नकोत. अहवालावर सही करून टाका."

तिने पेनाला हातही लावला नाही. "साहेब, ती वाफ विरते उन्हाच्या जोरावर. आणि तुम्ही सोडता अंधार पडल्यावर."

साहेब गालातल्या गालात हसले. "अहो, पण हे त्या कॉम्प्युटरला सांगायला जातंय कोण?"



तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला; पडद्यावरच्या नव्या आलेखात वाफ रात्रभर तशीच होती. "कॉम्प्युटरला मी सांगितलंय, सकाळीच. आणि मला माझ्या आईने, खोकत खोकत. तुमच्या धुराड्यासमोरच राहते ती."