केळ्याच्या भज्यांचा आवाज

दाउद कण्हत चौथ्यांदा गाडीखाली सरकला. उद्या इपोहच्या शर्यतीत त्याची लेक नोरलिझा हीच जुनी हॅचबॅक पळवणार होती. मागचं सस्पेन्शन बॉडीला जिथे जोडलेलं असतं, तिथे जाड पट्टी नीट वेल्ड झाली नाही, तर वळणावर चाकच उखडेल. “वेल्ड करताना, तुझी आई केळ्याची भजी तळते, तसा आवाज यायला हवा,” हे त्यानेच तिला शिकवलं होतं. आज त्याचीच भजी करपत होती. “झालं,” म्हणत तो बाहेर आला. नोरलिझा वाकून तो जोड बराच वेळ पाहत राहिली. हल्ली डोळ्यांपुढे येणाऱ्या धुक्याबद्दल दाउदने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. “बाबा, चहा गार होतोय. मी जरा साफ करते.” ग्राइंडर किंचाळला, ती त्याचं वेल्डिंग खरवडत होती. मग तिच्या वेल्डिंगची एकसारखी चुरचुर सुरू झाली. “तळतेयस चांगली,” तो पुटपुटला. “करपली की ओरडा, बाबा,” ती म्हणाली.