नकाशाखालची ओळ

‘मूळ शहर’ पुन्हा ठळक झालं होतं.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. शेवटचा पेशंट नुकताच गाल धरून बाहेर पडला होता. खुर्चीवरचा दिवा अजून चालूच होता. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणायचं आणि संध्याकाळी ‘तोंड आवरा’ म्हणायचं, अशी नवरा तिची चेष्टा करायचा. संध्याकाळचं काम बिनपगारी होतं. इंटरनेटवर लोकांनी मिळून लिहिलेल्या एका ज्ञानकोशाची ती प्रचालक होती. एखाद्या पानावर कोणी धिंगाणा घातला, की त्या पानाला कुलूप लावून पुढचे बदल थांबवायचा अधिकार तिच्याकडे होता.

आताचा धिंगाणा तिच्याच शहराच्या पानावर चालला होता, तोही नकाशाखालच्या एका ओळीवरून. नदीनं शहराचे दोन भाग केले होते. नकाशात पूर्वेचा हिरवा, पश्चिमेचा पिवळा. ‘उगवतीकर’ नावाच्या सदस्यानं खाली लिहिलं, ‘मूळ शहर (हिरवा) आणि पलीकडची वस्ती (पिवळा)’. ‘काठावरचा’ नावाच्या सदस्यानं रंगांची अदलाबदल केली. उगवतीकरानं ती उलटवली आणि ‘मूळ शहर’ ठळक करून टाकलं. नकाशाच्या ओळीत ठळक अक्षरं चालत नाहीत, असा नियम काठावरच्यानं तोंडावर मारला. मग पूर्णविरामावरून जुंपली. वाक्य पूर्ण नसेल तर शेवटी पूर्णविराम नको, म्हणून एकानं तो काढला. दुसऱ्यानं ‘आहेत’ जोडून वाक्य पूर्ण केलं आणि पूर्णविराम सन्मानानं परत आणला.

बाकीचे सदस्य मेटाकुटीला आले होते. दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखव, असा लकडा त्यांनी तिच्यामागे लावला होता. तिला ते जमण्यासारखं नव्हतं. उगवतीकर तिचे वडील होते आणि काठावरचा तिचे सासरे. दोघांना खाती तिनंच उघडून दिली होती.

रविवारी दोघे एका टेबलाशी जेवायला बसत, तेव्हा बोलण्यात नुसती साखर. ‘व्याही, घ्या ना अजून.’ ‘अहो, तुम्ही आधी.’ जेवणं आटोपली, की वडील तिला स्वयंपाकघरात गाठून म्हणत, “तो काठावरचा म्हणजे पक्का दीडशहाणा आहे.” ते गेले, की सासरे म्हणत, “या उगवतीकराला विरामचिन्हं कशाशी खातात ते ठाऊक नाही.” ती दोन्हीकडे मान डोलवायची. खरं कळलं तर दोन घरं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, या धास्तीनं तिला घास गोड लागत नव्हता.

शेवटी तिनं तोडगा काढला. ‘शहराचा नकाशा: पूर्व काठ (हिरवा), पश्चिम काठ (पिवळा)’. ना मूळ, ना पलीकडे, ना ठळक, ना पूर्णविराम. बाकीच्यांनी सुटलो म्हणत होकार दिला. आता ही ओळ टाकून पानाला कुलूप ठोकायचं, एवढंच उरलं होतं. वडिलांच्या कानावर घालावं म्हणून तिनं फोन लावला.

“कुलूप लावू नकोस,” वडील म्हणाले.

“अण्णा, हट्ट सोडा आता.”

“हट्ट कसला? काठावरचा म्हणजे तुझे सासरे आहेत.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“‘तद्वतच’ असं आजकाल दुसरं कोण लिहितं? पहिल्याच दिवशी ओळखलं.” त्यांचा आवाज खाली आला. “तुझ्या सासूबाई गेल्या आणि व्याही खिडकीशी बसले ते बसलेच. मी फोन केला, की हं-हं करून ठेवून द्यायचे. म्हटलं, मास्तर माणूस, आपल्या शहराचं पान वाचत असणारच, चूक दिसली की राहवणार नाही. म्हणून मुद्दाम ती ओळ लिहिली. अर्ध्या तासात हजर. मला काय करायचंय गं मूळ शहराशी? पण त्यांना बोलू नकोस. वाईट वाटेल.”

पूल ओलांडून ती घरी पोचली. सासरे टेबलावर तीन जाडजूड पुस्तकं पसरून बसले होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, ओठांवर कसलंसं गाणं. हल्ली त्यांची तब्येत सुधारली होती खरी. तिनं त्याचं श्रेय नव्या गोळ्यांना दिलं होतं.

“बाबा, त्या नकाशाच्या पानाला कुलूप लावायचं ठरतंय.”

गाणं थांबलं. त्यांनी चष्मा काढला, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. आत नवऱ्याची भांडी वाजत होती. ते उठून दार लोटून आले.

“तेवढं करू नकोस,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुला म्हणून सांगतो. उगवतीकर म्हणजे आपले व्याही. तुझे वडील.”

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

“हात थरथरायला लागले म्हणून त्यांना घड्याळांचं दुकान बंद करावं लागलं. अंथरुणातून उठायचं नाव घेत नव्हते म्हणे. आता तुझी आई सांगते, सकाळी चहाच्या आधी मला खोडायला बसतात. मी गप्प बसलो, तर माणूस खचेल. माझं काय, मी आपला त्यांच्यासाठी लिहितो. पण त्यांना कळू देऊ नकोस हं.”

ती खोलीत गेली, दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग लॅपटॉप उघडून तिनं आपली सोन्यासारखी ओळ खोडून टाकली, आणि चर्चेच्या पानावर प्रचालक या नात्यानं निकाल नोंदवला:

‘दोन्ही सदस्यांमध्ये एकमत होण्याची चिन्हे नाहीत. वाद चालू ठेवावा.’