एक जूनची मुलं

गुरुजी पाण्याच्या टाकीवर चढले होते. राज्याच्या पार पूर्व टोकाला, जंगलातल्या त्या गावात रेंज तेवढ्या टाकीवरच मिळते. इकडं सोलापुरात, बालकल्याण समितीच्या खोलीत, क्लार्क शिवयोगीच्या फोनवर त्यांनी पाठवलेला फोटो उतरत होता. नुसतं वर्तुळ फिरत होतं.

"आला का रे?" अध्यक्ष कमलम्मांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"येतोय म्याडम. अर्धा आलाय."

समोर इन्स्पेक्टर बसले होते, शिवयोगीचा स्वेटर घालून. मुलांसमोर वर्दीत बसायचं नाही असा नियम आहे. कमलम्मांनी तो दारातच ऐकवला होता. साहेब त्याच जंगलाकडून मैनीला न्यायला आले होते. मैनी नक्षलवाद्यांच्या दलममधून पळाली, ऊसतोडीच्या एका टोळीबरोबर माळशिरसला पोचली, आणि आठ दिवसांपूर्वी इथल्या बालगृहात आली. साहेबांच्या कागदावर ती एकोणीस वर्षांची होती. एकोणीस म्हणजे तुरुंग. अठराच्या आत असली तर बालगृह आणि शाळा. मधे होता तो फक्त हा फोटो.

"हाडांची तपासणी झालीय मॅडम," साहेब म्हणाले. "सोळा ते एकोणीस."

"मग तुम्ही एकोणीसच का उचललं? सोळा जड होतं का?"

दाराशी इथला हवालदार धोंडीराम खोकला. हसू दाबायची त्याची ती रीत होती.

"बंदूक होती तिच्या हातात," साहेबांचा आवाज चढला.

"असणार की! आधी तुमची माणसं तिच्या शाळेत मुक्कामाला. मग दलमवाल्यांनी येऊन ती शाळा जाळली आणि पोरीला उचललं. पाटी कुणी ठेवली होती तिच्या हातात?"

मैनी भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला टेकलेले, टाचा उचललेल्या. कधीही पळता येईल अशा.

"आला! आला म्याडम!" शिवयोगी असा उठला की खुर्ची मागं आडवी झाली.

मैनीच्या शाळेचं जनरल रजिस्टर. कडा करपलेल्या. आग लागली तेव्हा गुरुजींनी पोषण आहाराचा तांदूळ सोडून तेवढंच उचललं होतं. ओळ सत्तावीस, मैनी. जन्मतारीख एक जून दोन हजार दहा.

"पंधरा!" कमलम्मांनी टेबलावर थाप मारली. पाण्याचा ग्लास उडाला. "पंधरा पूर्ण, सोळावं चालू!"

साहेबांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला, आणि हसले.

"वरची ओळ बघा. एक जून. खालची बघा. एक जून. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला का मॅडम? मास्तरानं मनानं टाकलेली तारीख ही. हा पुरावा?"

शिवयोगीचा चेहरा उतरला. साहेब खोटं बोलत नव्हते. आईबापाला तारीख आठवत नाही, शाळा जूनमध्ये उघडते, मास्तर एक जून लिहून मोकळा होतो. गावोगाव हेच.

"माझी बी एक जूनच हाय की," धोंडीराम दारातून म्हणाला. "तिच्यावरच भरती झालो, साहेब."

कमलम्मांनी मान वळवली. "काय ओ साहेब, तुम्ही रिटायर कधी?"

"आहेत अजून दोन वर्षं. एकतीस मेला..."

साहेब थांबले. पण निघून गेलं होतं. एक जूनला जन्मलेल्या माणसाची सरकारी नोकरी एकतीस मेला संपते, हे ऑफिसातल्या शिपायालासुद्धा पाठ असतं. शिवयोगी फिस्सकन हसला. धोंडीरामला या वेळी खोकायचंही सुचलं नाही.

"तुमच्या मास्तरानं मनानं टाकलेल्या तारखेवर सरकारनं तुम्हाला पिस्तूल दिलं," कमलम्मा म्हणाल्या. "आणि हिच्या मास्तराची तेवढी खोटी? कायद्यात शाळेचा कागद पहिला, हाडं शेवटी. लिही रे शिवयोगी. वय पंधरा. बालक. ताबा मिळणार नाही."

शिवयोगी उभ्यानंच लिहायला लागला. अक्षर वाकडं येत होतं. साहेब उठले.

मैनी कधी टेबलापाशी आली कुणाला कळलं नाही. तिनं फोनवर बोट ठेवलं. आश्रमशाळेतल्या मराठीत, एकेक शब्द सुटा करत वाचायला लागली.

"ही सुक्की. माझ्या आधी हिला नेलं. हा लालसू. गोळी लागली." बोट एक ओळ खाली आलं. "हा जुरू. माझ्याच बाकावर बसायचा. तो तुरुंगात आहे बाई. मोठ्या माणसांच्या."

साहेब दारापर्यंत पोचले होते.

कमलम्मांनी कोरा कागद पुढं ओढला.

"बसा साहेब. कुठल्या तुरुंगात, ते तुम्हाला ठाऊक असेल की."