अठ्ठेचाळीसची फ्रेम

आमच्या वडिलांच्या, तात्यांच्या तेराव्याला माझ्या धाकट्या भावाने, जितेशने त्यांचं मृत्युपत्र काढलं. सगळी जमीन त्याच्या नावावर होती. रस्त्याकडचा जो तुकडा तात्यांनी मला द्यायचा शब्द दिला होता, तोसुद्धा.

“फसवलं नाय गं ताय. वाचूनच सही केलीय त्यांनी. हा फोटो बघ.”

फोटोत तात्या चष्मा लावून कागदाकडे बघत होते. खोपोलीत माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे मी आधी चष्माच पाहिला. तात्यांचा चेहरा रुंद, त्यांना छप्पन्न मापाची फ्रेम लागायची. या चष्म्याच्या काड्या कानशिलांवर फाकल्या होत्या, कानांमागे पोचतही नव्हत्या. ही फ्रेम अठ्ठेचाळीसची होती. आईच्या लहानशा चेहऱ्याला मीच बसवून दिलेली. तिच्या नंबरातून तात्यांना एक ओळही दिसली नसती.

मी आईकडे वळले. ती ताटातले तांदूळ निवडत होती.

“आई, तात्यांचा चष्मा नव्हता का गं घरात?”

“होता की,” ती मान वर न करता म्हणाली. “तो दिला असता तर त्यांनी वाचलं असतं.”