पाडव्याचा डबा

आष्ट्यातल्या चंद्राबाईंच्या दारातला लिंब यंदा पाडव्याच्या महिनाभर आधीच फुलला. पाडव्याला गुळाबरोबर खायची फुलं त्यांनी तेव्हाच खुडून डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवली. डबा रिकामाच होता. दिवाळीत आलेला आंब्याचा मोहर त्यातनंच काढून शिवरात्रीला वाहिला होता.

"झाडं चुकली म्हणून सण चुकवायचा व्हय?" चंद्राबाई म्हणायच्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी लाइट गेली. सकाळी डब्यात नुसता काळा लगदा. सून संयोगितानं वायरमनला फोन लावला.

"वहिनी, आता घरोघरी सणाचा येगळा फ्रीज हाय. डीपीला लोड झेपंना. उद्या सांजच्याला बघतो."

चंद्राबाईंनी उभी केलेली गुढी उतरवली.

"मग त्यालाच इचार, पाडवा कवा धरायचा."