हुप्यांचं गाऱ्हाणं

माणसासारखे दोन पायांवर चालणारे, शेपटीवाले हुपे बोलत नाहीत, असं सदाशिव गुरुजींनी तीस वर्षं वर्गात शिकवलं होतं.

त्यामुळे परवा त्यांनी काजूच्या बागेत लावलेल्या फासात हुप्यांचं पोर अडकलं आणि दिवसभर "आये गो" म्हणून ओरडलं, ते त्यांनी ऐकलंच नाही. संध्याकाळी ते गप्प झालं. गुरुजींना जेवण गेलं नाही. पित्त झालंय, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

आज सकाळी त्यांनी बागेच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं कुणीही घालो, ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचंच असतं; त्यासाठी मागे बायको होती.

"बा देवा म्हाराजा, माझी काजी चोरतत त्येंचो बंदोबस्त कर!"

"व्हय म्हाराजा!" झाडांतून पन्नासेक आवाज आले.

गुरुजी वळले. हुपे हात जोडून रांगेत उभे होते.

"अहो," बायको पुटपुटली, "ह्येंका बोलूक येणा नाय म्हणालात मां?"

गुरुजी नारळाची शेंडी सरळ करू लागले.

हुप्यांतली एक बाई, त्या पोराची आई, पुढे झाली.

"बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाची हाक आयकान ज्येना कान बंद केल्यान, त्येका ती हाक मरापर्यंत आयकाक येवंदे!"

आणि जन्माच्या सवयीने, सगळ्यांच्या आधी, गुरुजींच्याच तोंडून गेलं,

"व्हय म्हाराजा!"