समोरचं दुकान

खंडेनवमीला दमयंती कासारने काउंटरवरच्या सल्लागार यंत्राला झेंडूची माळ घातली आणि धुमसत समोर पाहिलं. चुलत दीर नीळकंठच्या भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखणारं हेच यंत्र त्यानेही घेतलं होतं, त्याच दिवशी, त्याच किमतीला. बरकत मात्र तिकडेच!

"त्याच्या यंत्रात असं काय आहे, जे तुझ्यात नाही?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"काहीच नाही, ताई," यंत्र म्हणालं. "पण माझा डोळा तुम्ही रस्त्यापलीकडे वळवून ठेवलाय. आत्ताचा धरून वर्षभरात चारशे बारा प्रश्न विचारलेत, सगळे नीळकंठरावांबद्दल."

एवढ्यात नीळकंठच पेढे घेऊन दारात आला.

"भाऊजी, तुम्ही हो यंत्राला काय विचारता?" तिला राहवेना.

"गिऱ्हाईक रिकाम्या हाताने का गेलं, एवढंच. रोज."

"आणि आमच्याबद्दल?"

नीळकंठ गोंधळला. "तुमच्याबद्दल? ते कधी सुचलंच नाही, वहिनी."

तो गेला. पेढा तिने तसाच बाजूला ठेवला. ती यंत्राकडे वळली.

"खोटं बोलतोय ना तो?"

यंत्राने चारशे तेरावा प्रश्न नोंदवून घेतला.